गाडी गचके खातेय, नीट निदान करणारा मेकॅनिक सुचवा (पुणे)

सिंहगडरोडवाली:
२०१३ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ७८ हजार किमी झालेत. सिग्नलला उभी असली की थरथरते आणि रविवारी साताऱ्याला जाताना खंबाटकीत तर अशी गचके द्यायला लागली की मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला. चेक इंजिनचा दिवा पेटलेलाच. गॅरेजवाल्याने आधी प्लग बदलले, मग थ्रॉटल बॉडी साफ केली, आता फ्युएल पंप टाकू म्हणतोय, साडेपाच हजार गेले नि गाडी होती तश्शीच. वर मी काही विचारलं की उत्तर नवऱ्याकडे बघून देतो, गाडी मी चालवते अहो! वारजे, कोथरूड कुठेही चालेल.

नानापेठी:
ताई, पंपाला अजिबात हो म्हणू नका. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र) लावला का त्याने? कोड काय आला ते विचारा. पी ०३०१, पी ०३०२ असं असेल तर शेवटचा आकडा म्हणजे मिस मारणारा, म्हणजे पेट्रोल नीट न जळणारा सिलेंडर. समजा दोन नंबर आहे, तर तिथली कॉईल (प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती) तीनला लावायची नि तीनची दोनला, कोड उडवायचा, एक चक्कर मारून यायचं. मिस तीनवर गेला तर कॉईल गेली, दोनवरच राहिला तर इंजेक्टर (पेट्रोल फवारतो तो), कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) बघायचं. नवीन पार्ट एकही लागत नाही. हे न करता पंप सांगतोय म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे चाललंय.

घाटवाट:
+१. आणि तो दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लागते, तो खर्च ऐकवणार नाही.
मेकॅनिकचं म्हणाल तर सोसायटीत कोणी टॅक्सी चालवणारे असतील त्यांना विचारा. त्यांची गाडी दोन दिवस उभी राहिली तर रोजी बुडते, थापा मारणाऱ्याकडे ते परत जात नाहीत. मला माझा असाच मिळाला.

सिंहगडरोडवाली:
अपडेट. खालच्या मजल्यावरचे काका टॅक्सी चालवतात, त्यांच्या मेकॅनिककडे गेले. कोड पी ०३०२. कॉईलची अदलाबदल माझ्यासमोर केली, चक्कर मारून आलो तर पी ०३०३! नवीन कॉईल टाकली, जुनी मागून घेतली, रबराच्या वर केसाएवढी चीर आहे. पंपाला हातही लावला नाही. शनिवारी परत खंबाटकी चढून बघते.