मदत हवी आहे: ॲसिडिटीची गोळी चालू असताना केलेली एच. पायलोरी (पोटात इन्फेक्शन करणारा जंतू) टेस्ट खरी धरायची का?

आईचं वय ७४, दीड महिना झाला, दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं, ढेकर, मळमळ, जेवण झालं की छातीखाली हात दाबून बसून राहते. वजन ३ किलो उतरलंय, हिमोग्लोबिन १०.२. ताप, जुलाब, उलटी नाही, काळी शी पण नाही (रोज विचारते). सोनोग्राफीत खडे नाहीत. गुडघ्यांची पेनकिलर थांबवली, हार्टची ॲस्पिरिन मात्र चालूच आहे, ती मनाने बंद करायची नाही.

पॅन्टोप्राझोलने (ॲसिडिटीची गोळी) थोडा फरक पडला, मग एच. पायलोरीसाठी शौचाची अँटिजेन टेस्ट केली ती निगेटिव्ह आली, पण नंतर कळलं की ही गोळी आधी २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद लागतात नाहीतर इन्फेक्शन असूनही निगेटिव्ह येऊ शकतं, आणि आईने तर त्या दिवशी सकाळीसुद्धा गोळी घेतली होती! रक्ताची अँटिबॉडी टेस्ट सुचवू नका, ती इन्फेक्शन बरं झाल्यावरही पॉझिटिव्ह राहते.

आता पुढच्या आठवड्यात एन्डोस्कोपी आहे, ती करणारच. ज्यांच्या घरी ॲस्पिरिनवाल्या वयस्कर माणसाची झालीये त्यांनी प्लीज सांगा, बायोप्सीसाठी पॅन्टोप्राझोल आधी बंद करायला सांगितलं होतं का, आणि तेवढे दिवस जळजळीला काय दिलं?