आई-बाबा ऑनलाइन येताना: तुमचे अनुभव लिहा

घरातल्या ज्येष्ठांना व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, यूट्यूब, फोटो पाठवणं हे सगळं शिकवताना काय काय घडलं ते इथे लिहूया. कौतुक चालेल, वैतागही चालेल. शिकवणाऱ्यांनी लिहा आणि शिकणाऱ्यांनी तर जरूर लिहा, त्यांची बाजू क्वचितच ऐकू येते.

सुरुवात मी करते. बाबा ७८ वर्षांचे. त्यांची एकच तक्रार, "मी दाबतो एक आणि उघडतं भलतंच." घरात सगळ्यांचं मत पडलं की ते विसरतात. एकदा शेजारी बसून नुसतं त्यांच्या बोटाकडे पाहिलं. बाबा फोटोवर बोट टेकवत, नीट दाबत आणि दाबलं गेल्याची खात्री पटेपर्यंत उचलतच नसत. फोनच्या लेखी ते 'दाबून धरणं' झालं. मग फोटो उघडण्याऐवजी निवडला जायचा, वर डिलीट-फॉरवर्डची चिन्हं यायची, ती घालवायच्या घाईत पुढचा घोळ. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन हा 'दाबून धरण्याचा' अवधी वाढवता येतो. तो वाढवला, अक्षरं मोठी केली. बोटं फार कोरडी असली की स्क्रीनला स्पर्श नीट कळत नाही, म्हणून हाताला क्रीम लावायला सांगितलं. आता फोटो उघडतात, दोन बोटांनी मोठा करतात आणि कोणाच्या शर्टाचं बटण तुटलंय तेही कळवतात. स्मरणशक्तीला काही झालेलं नव्हतं हो!

* * *

आमच्याकडे एकच नियम: सासूबाईंच्या हातातून फोन घ्यायचा नाही. कितीही वेळ लागो, बोट त्यांचंच. त्यांनी स्वतःची वही केली आहे, त्यात शब्द कमी आणि चित्रं जास्त. कागदी विमान म्हणजे पाठवणे, पेपरक्लिप म्हणजे जोडणे. वही झकास होती, पण २०२४मध्ये अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपची वरची पट्टी खाली आली आणि अर्धी पानं बाद झाली. "तुमची माणसं सारखं घर का लावतात?" असं मलाच विचारलं. मी काय उत्तर देणार? शिकवणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. चिन्ह हललं की आपल्याला क्षणभर शोधावं लागतं, त्यांचा मात्र शिकलेला सगळा रस्ताच मोडतो.

* * *

मी शिकणाऱ्यांपैकी, वय ७१. सर्वात आधी मुलांनी "अगं सोप्पंय ते" म्हणणं बंद करावं. सोपं असताना जमलं नाही की माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही.

दुसरं म्हणजे, मला नुसतं बघायला शिकवलं होतं. आलेले व्हिडिओ बघा, लाइक करा. त्यात माझा जीव रमेना. मग भाचीने जुने अल्बम मोबाइलवर घ्यायला शिकवलं आणि मी कामाला लागले. फोटो काचेतून बाहेर काढायचा, खिडकीपाशी सपाट ठेवायचा, फ्लॅश बंद, फोन बरोब्बर वरून धरायचा. फोटोची मागची बाजूही टिपायची, नावं आणि साल तिथेच लिहिलेलं असतं. नेहमीसारखा पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, म्हणून मी डॉक्युमेंट म्हणून पाठवते. गूगल फोटोजमध्ये सामायिक अल्बम केला आहे. परवा एका मावसभावाने फोटोतल्या कोपऱ्यातल्या बाईंना ओळखलं, मी इतकी वर्षं त्यांना शेजारीण समजत होते. त्या निघाल्या आजोबांच्या चुलत बहीण! टायपिंग मला अजूनही नको वाटतं. कीबोर्डवरच्या माइकला मराठीत सांगते, तो लिहितो. जोडाक्षरांचा कधीकधी खिमा करतो, पण नातेवाईक समजून घेतात.

* * *

आजोबा आणि फॉरवर्ड. फॅमिली ग्रुपवर चारचौघांत "हे खोटं आहे" लिहिलं की ते दुखावतात आणि मुद्दाम आणखी दोन पाठवतात. वेगळा फोन करून बोललं की ऐकतात. खरा फरक पडला तो एका चिन्हाने. अनेकदा फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर दुहेरी बाण असतो आणि २०२०पासून तसा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. "मला का अडवतोय हा फोन?" म्हणून चिडले होते. कारण सांगितल्यावर मात्र स्वतःच दुहेरी बाण शोधायला लागले. आता मलाच "तुझ्या मेसेजला दोन बाण आहेत, कोणी लिहिलंय?" अशी विचारणा होते.

* * *

आत्याने भाचीच्या फेसबुक फोटोखाली तिच्या रक्ततपासणीची खुशाली विचारली, सविस्तर. आत्याच्या मते ते पत्र होतं. फोटोवर पृथ्वीचा गोल दिसला की सगळं जग वाचतं, दोन माणसं दिसली की फक्त मित्रमंडळी, एवढं दाखवलं. प्रायव्हसीवर मोठं भाषण देण्यापेक्षा हे बरं.

* * *

व्हॉट्सअ‍ॅप नव्या फोनवर सुरू करताना एसएमएसने येणाऱ्या कोडबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. काकांना ओळखीच्याच नंबरवरून मेसेज आला, "चुकून तुमच्याकडे सहा आकडी कोड गेलाय, पाठवता का?" तो ओळखीचा नंबर आधीच भामट्याच्या हाती गेलेला. काका सज्जन, मदतीला तत्पर, अशाच माणसांवर हे जाळं टाकतात. "कोड कोणालाही द्यायचा नाही, मी मागितला तरी नाही" हे वाक्य आम्ही त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतलं. शिवाय टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे त्या कोडखेरीज लागणारा आपण ठरवलेला पिन लावला. व्हॉट्सअ‍ॅप तो अधूनमधून विचारत राहतं, त्यामुळे आपोआप पाठ राहतो.

* * *

माझ्या आईला यातलं काही नको आहे. शिकली, वापरलं आणि सोडलं. म्हणते, सगळ्यांच्या बातम्या आधीच कळल्या तर फोनवर बोलायचं काय? मी आग्रह सोडला. व्हिडिओ कॉल तेवढा घेते, त्यात आम्हाला तिचं कपाळ आणि पंखा दिसतो.

* * *

एक विचारायचं होतं. वडिलांच्या हाताला कंप आहे. व्हॉइस मेसेज करताना माइक दाबून धरवत नाही, मध्येच सुटतो आणि अर्धंच वाक्य जातं. काही उपाय?

* * *

आहे ना. माइक दाबून बोट वर सरकवायचं, कुलपाचं चिन्ह दिसतं. कुलूप लागलं की बोट काढून घ्या आणि निवांत बोला, संपलं की पाठवायचं बटण. सुरुवातीचं सरकवणं जमेपर्यंत फोन टेबलावर ठेवून करायला सांगा, हातात धरून नको.