फवारणीचा आणि दिवस न राहण्याचा काही संबंध असतो का?

बागवाला_तासगाव
नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात अडीच एकर द्राक्षबाग आहे. माझं वय 32, मालकीण 28. दोन वर्षं झाली वाट बघतोय, दिवस राहिले नाहीत. तिच्या तपासण्या सगळ्या झाल्या. थायरॉइड, सोनोग्राफी, नळ्यांचा फोटो, सगळं नॉर्मल. नळ्यांच्या फोटोला ती आत घामानं चिंब झालेली आणि मी बाहेर बाकड्यावर बसून दुकानदाराला फोनवर डावणीला, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीरोगाला, काय मारू विचारत होतो. माझी तपासणी कुणी सांगितली नाही, मीही विचारलं नाही. आई म्हणते आपल्या घराण्यात असलं काही नाही.

आता फळछाटणी झालीय. ट्रॅक्टरमागचा फवारणीचा ब्लोअर मीच चालवतो, ट्रॅक्टरला केबिन नाही. तोंडाला टॉवेल, अंगात जुना शर्ट आणि बर्मुडा. वारं फिरलं की मांडीपर्यंत भिजतो. ती कपडे हातानं धुते. काल बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारून आलो, तर बर्मुडा पिळताना निळं पाणी निघालं. ती सहज म्हणाली, "हे एवढं तुमच्या अंगात बी जात आसंल की."

तेव्हापासून डोक्यात किडा शिरलाय. औषधांनी काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, कमी होतो का? आणि होत असेल तर फवारणी थांबवू कशी? डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे.

भट्टीवाला_कुपवाड
दादा, चर्चा मागनं, आधी तपासणी करून ये. मीपण दीड वर्ष बायकोलाच दवाखान्यात पळवलं. शेवटी तीच म्हणाली, एकदा तुमचं बघू. मिलीलीटरला 60 लाख शुक्राणू निघाले. 2021 च्या डब्ल्यूएचओच्या पुस्तकात खालची रेघ 1 कोटी 60 लाखांची आहे.

मी फौंड्रीत, आठ तास भट्टीपुढं. वर दिवसाला पाच-सहा माव्याच्या पुड्या. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, अंडकोष शरीराबाहेर दिलेत ते त्यांना अंगापेक्षा दोन-चार अंश थंडावा लागतो म्हणून, आणि तू त्यांना रोज भाजतोयस. सुपरवायझरच्या हातापाया पडून डिस्पॅचला गेलो. मावा सोडताना पंधरा दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही. चार महिन्यांनी 2 कोटी 10 लाख. भट्टी सुटल्यानं का मावा सुटल्यानं, डॉक्टरलाही सांगता आलं नाही. पोरगी आता दोन वर्षांची आहे.

आठवड्यात फरक बघायला जाऊ नकोस. शुक्राणू तयार व्हायलाच सत्तर-बहात्तर दिवस लागतात, पुढं पिकायला आणखी थोडे. तुमच्या छाटणी-काढणीसारखंच आहे ते.

पैलवान_विटा
कशाला रिपोर्टच्या नादाला लागताय. गावठी तूप, खजूर, अश्वगंधा. महिन्यात काम. आमच्या जिममध्ये एकजण टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतो, ताकद बघा एकदा त्याची.

मिरजेची_सिस्टर
पैलवान, तूप खा, पण त्या मित्राला आधी सांगा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूकडून खाली जाणारा हुकूमच बंद पडतो आणि काउंट पार शून्यावर येऊ शकतो. दंड फुगलेले आणि रिपोर्ट कोरा, असे बघितलेत मी.

बागवाले भाऊ, मूल राहत नाही अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचंही काहीतरी असतं, आणि तुमची तपासणी सगळ्यांत स्वस्त, सुई नाही, टेबल नाही. तरी आमच्याकडं बाईचा फोटो आधी आणि बुवाची बाटली शेवटी! नमुन्याआधी दोन ते सात दिवस संबंध नकोत. घरून आणणार असाल तर तासाच्या आत लॅबला पोचवा, थंडीत बाटली अंगाशी धरून. आधीच्या दोन-तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा, त्यानंही आकडा पडतो. एका रिपोर्टवर काही ठरत नाही, कमी आला तर पुन्हा करतात. आणि डॉक्टरांना वृषणाच्या शिरा फुगल्यात का तेही बघू द्या.

वहिनी मिश्री लावत असतील तर बंद. रागवू नका, आमच्या भागात विचारावंच लागतं. तंबाखू दातातून गेली तरी तंबाखूच. फॉलिक ॲसिड दिवस राहायच्या आधीपासूनच चालू असावं. आणि पुढची पाळी जिथं अपेक्षित असते त्याच्या साधारण चौदा दिवस आधी बीज सुटतं. तो दिवस आणि त्याच्या आधीचे पाच दिवस महत्त्वाचे. तुम्ही त्या दिवसांत रात्री मोटारीवर पाणी पाजायला जात असाल तर औषधांना दोष देऊन उपयोग नाही.

कृषीकेंद्र_पलूस
मी हीच औषधं विकतो, म्हणून लिहितो. 1977 मध्ये कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे सूत्रकृमीनाशक बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांनाच शंका आली की आपल्यात कुणाला मुलं का होईनात. तपासलं तर काहींचे काउंट शून्य. काम सुटल्यावर बऱ्याच जणांचे सुधारले, काहींचे नाही. ते औषध आता नाही. पण कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आपल्या शेडमध्ये असतंच, आणि त्याला युरोपनं प्रजननाला घातक अशा वर्गात टाकलंय. बोर्डोच्या निळ्या पाण्यापेक्षा असल्या बिनरंगाच्या औषधांना जास्त घाबरा.

फवारणाऱ्याच्या अंगात औषध जातं ते नाकापेक्षा कातडीतून जास्त, आणि जांघेतली कातडी तर फार लवकर शोषते. तुमचा बर्मुडा म्हणजे टॉवेल तोंडाला आणि दार सताड उघडं. छाटणीनंतर वेल फुटावी म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावायच्या दिवशी दारू घ्यायची नाही हे सगळ्या तालुक्याला पाठ आहे, फुल पॅन्टचं कुणाला पाठ नाही. पूर्ण अंगाचा सूट, नायट्राइलचे हातमोजे, गमबूट, कॅनिस्टरचा मास्क घ्या. औषध कालवताना सगळ्यांत जास्त काळजी, कारण ते तेव्हाच सगळ्यांत दाट असतं. घरात शिरायच्या आधी आंघोळ. कपडे वेगळ्या बादलीत, वहिनींनी मोजे घालून किंवा तुम्हीच धुवा.

बागवाला_तासगाव
सगळ्यांचे आभार. एक्स्पोर्टच्या मालात औषधाचा अंश किती उरलाय त्याचा रेसिड्यू रिपोर्ट आला नाही तर मला झोप लागत नाही, स्वतःचा काढायचं कधी सुचलं नाही. सोमवारी मिरजेला जातोय. आईला द्राक्ष परिषदेला चाललोय म्हणून सांगितलंय. सिस्टर, पाणी पाजायचं तुम्ही बरोबर ओळखलंत, आमच्याकडं लाईट रात्रीचीच असते. मालकिणीनं वाचलं आणि हसली.

ब्लोअर या हंगामापुरता चुलतभावाकडं द्यावा म्हणत होतो. तर ती म्हणाली, "त्याचं तर अजून लगीन व्हायचंय." म्हणून सूट दोन आणलेत.