आई-बाबा दोघांनाही बीपी, पण सोबतची दुखणी एकदम वेगळी. बायकांचं बीपी वेगळं असतं का?

कृष्णाकाठची_लेक

नमस्कार सगळ्यांना, जरा मोठं लिहितेय पण वाचा प्लीज. आईबाबा सांगलीजवळ गावाकडे असतात, मी नोकरीला पुण्यात. बाबा ६७, आई ६२. बाबांना १२ वर्षांपासून बीपी आणि आईला पाळी गेल्यावर वर्षा-दोन वर्षात सुरू झालं ते आजतागायत. आकडे बघाल तर दोघांचे सारखेच, गोळी चालू असून १५०-९० च्या आसपास.

पण बाबांना बीपीसोबत जे जे निघालं ते वेगळंच. आधी हृदयाच्या एका नसेत ब्लॉक, मग गेल्या दिवाळीत रात्री दोन वाजता पायाचा अंगठा असा सुजला की चादरीचा कोपरा लागला तरी ओरडायचे, युरिक अ‍ॅसिड ९.१ निघालं, गाऊट म्हणाले, म्हणजे युरिक अ‍ॅसिडने होणारं सांध्याचं दुखणं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, पण जरा वर. त्यांची पट्टी (ईसीजी), इको (हृदयाची सोनोग्राफी), ट्रेडमिल सगळं झालं, बीपीसाठी चालू असलेली लघवीची गोळी बंद करून दुसरी दिली.

आईचं बघा. थायरॉईडची गोळी १५ वर्षं, वजन वाढलंय, गुडघे दुखतात, झोप लागत नाही, मधेच छातीत धडधड होते म्हणते, आणि आता सहा महिने झाले घागर घेऊन जिना चढताना धाप लागते, मधे कठड्याला धरून थांबते. संध्याकाळी पाय इतके सुजतात की जोडवी रुततात. दाखवलं तर डॉक्टर म्हणाले वयाने होतं, टेन्शन घेऊ नका. तिचा इको एकदाही झालेला नाही!! बाबांच्या गोळ्या ती रोज सकाळी वाटीत काढून त्यांच्या हातात देते आणि स्वतःचं पाकीट फ्रिजवर पडलेलं, महिना संपला तरी १०-१२ गोळ्या शिल्लक.

मला एवढंच विचारायचंय की बीपी एकच असलं तरी बाई आणि पुरुष यांच्यात सोबतचे आजार खरंच वेगळे असतात का, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना मी नेमकं काय विचारू.

निवृत्त_सिस्टर_सातारा

बाळा, विचारलंस ते फार बरं केलंस. ३४ वर्षं वॉर्डात काढली मी, तू लिहिलंयस ते चित्र दर आठवड्याला बघितलंय.

वेगळं असतं, हो. पाळी चालू असते तोवर शरीरातलं इस्ट्रोजेन रक्तवाहिन्या मऊ आणि सैल ठेवायला मदत करतं, म्हणून चाळिशीपर्यंत त्याच वयाच्या पुरुषापेक्षा बाईचं बीपी सहसा कमी. पाळी गेली की ते कवच जातं, वजन पोटावर चढतं, नसा कडक होतात, मिठाचा परिणाम जास्त व्हायला लागतो, आणि साठीच्या पुढे बायका पुरुषांना गाठतात आणि मागे पण टाकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली ना २०१९ ते २१ ची, त्यात १५ वर्षांवरच्या २४ टक्के पुरुषांना आणि २१ टक्के बायकांना बीपी निघालं. म्हणजे फरक तीनच टक्क्यांचा, तरी घरोघरी समज असाच की बीपी आणि हार्ट हे पुरुषाचं दुखणं.

पुरुषांत बीपीबरोबर जास्त करून हृदयाच्या नसांचे ब्लॉक, युरिक अ‍ॅसिड, तंबाखू-दारूचं नुकसान, घोरणं असं दिसतं. बायकांत थायरॉईड, लठ्ठपणा, सांधे, हाडं ठिसूळ होणं, अर्धशिशी, उदासपणा हे बीपीच्या जोडीला येतं. यातलं प्रत्येक दुखणं बीपीमुळेच झालं असं नाही, काही बीपी वाढवतात, काही नुसती त्याच वयात येतात. थायरॉईड कमी असेल तर खालचं बीपी वाढतं, म्हणून आईचा टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, शेवटचा कधी केला ते बघ.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धाप. बायकांचं हृदय बीपीच्या भाराने बऱ्याचदा जाड आणि कडक होतं, पंपिंग चांगलं असतं पण दोन ठोक्यांच्या मधे ते नीट सैल पडत नाही, भरत नाही. मग बसून असताना काही नाही आणि जिना चढला की दम. इकोच्या कागदावर पंपिंग ६० टक्के लिहिलेलं बघून घरचे म्हणतात हार्ट एकदम ओके, पण खालच्या ओळीत भिंत जाड आहे, सैल पडणं कमी आहे असं लिहिलेलं असतं ते कोणी वाचत नाही. असलं हार्ट फेल्युअर पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. तेव्हा घागर उचलताना लागणारी धाप वयावर ढकलू नकोस, इको करूनच घे. आणि धडधड होते तेव्हाच मनगटावर नाडी बघायला सांग, अनियमित लागली तर तेव्हाची पट्टी पाहिजे. ठोका अनियमित असेल तर अर्धांगवायूचा धोका असतो आणि तो बायकांना जास्त.

एक गोष्ट आईला शांतपणे विचार, तुझ्या आणि भावंडांच्या वेळी दिवस गेलेले असताना बीपी वाढलं होतं का, अंगावर सूज, झटके, लघवीतून प्रथिनं, असं काही?

मेडिकलवाला_मिरज

मी डॉक्टर नाही, २२ वर्षं काउंटरला उभा आहे, तेवढंच सांगतो.

ताई, आई गुडघ्याला काय घेतात ते आधी बघा. चिठ्ठी नसताना डायक्लोफेनॅक सारखी दुखण्याची गोळी मागणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायकाच असतात माझ्याकडे, रोज एक, वर्षानुवर्षं, आणि डॉक्टरला सांगत नाहीत कारण त्यांच्या लेखी ते औषधच नाही. ही गोळी अंगात पाणी आणि मीठ धरून ठेवते, बीपी वाढवते, बीपीच्या गोळीचा जोर कमी करते आणि किडनीला त्रास. बाबांना तर अजिबात देऊ नका, त्यांचं क्रिएटिनिन आधीच वर आहे.

दुसरं पायाची सूज. आईला अम्लोडिपिन ही बीपीची गोळी चालू असेल तर त्याने घोटे सुजतात आणि हा त्रास बायकांना जास्त होतो. पण सूज दिसली म्हणून स्वतःच गोळी बंद करायची नाही, डॉक्टर डोस कमी करतात किंवा जोडीला दुसरी देतात. तसंच काही बीपीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो, नावाच्या शेवटी प्रिल असतं त्या, रॅमिप्रिल, एनालाप्रिल वगैरे, तो पण बायकांत जास्त. महिनोन्महिने खोकल्याची बाटली नेणारी बाई बघितली की मी आता आधी बीपीची गोळी कुठली ते विचारतो. लघवीच्या गोळीने बाबांचं युरिक अ‍ॅसिड वाढलं असणार, तीच गोळी म्हाताऱ्या बाईला दिली तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं, मग चक्कर, बडबड, तोल जाणं, घरच्यांना वाटतं वय झालं. पण त्याच गोळीने लघवीतून जाणारं कॅल्शियम कमी होतं म्हणजे हाडांना थोडा फायदाच, म्हणून गोळी वाईट असं नसतं, कुणाला देताय ते बघावं लागतं.

आणि घसा बसला म्हणून ज्येष्ठमध चघळायची सवय असेल तर ते पण सांगा. रोज खाल्लं तर बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं. मिश्री लावत असतील तर ती तंबाखूच आहे, त्यात निकोटिन असतं. गावाकडच्या कितीतरी काकू डॉक्टरने तंबाखू खाता का विचारलं की नाही म्हणतात, कारण त्यांच्या डोक्यात मिश्री म्हणजे दात घासायची.

घाटावरचा_दादा

मी बाबांच्या बाजूने लिहितो कारण पुरुष हे बोलत नाहीत.

माझं ४९ व्या वर्षी तीन गोळ्या घेऊन १६०-१०० होतं. बायको सांगायची तुम्ही झोपेत श्वास थांबवता, मधेच दचकून उठता, मी म्हणायचो सगळेच घोरतात. शेवटी तिनेच मोबाईलवर रेकॉर्डिंग करून डॉक्टरांना ऐकवलं. झोपेची तपासणी केली तर तासाला कितीतरी वेळा श्वास अडत होता. मशीन लावून झोपतो आता, दोन गोळ्यांवर १३०-८४ राहतं. बाबा घोरत असतील तर हे विचाराच. आणि आईंची झोप नाही म्हणताय ना, पाळी गेल्यावर बायकांत पण हे वाढतं असं माझ्या डॉक्टरांनी सांगितलं, फक्त त्यांचं घोरणं मोठ्याने नसतं, त्या येऊन सांगतात झोप लागत नाही, सकाळी डोकं जड, दिवसभर गळून जायला होतं, आणि मग झोपेची गोळी मिळते.

आणखी एक, लाज सोडून लिहितो. नवराबायकोच्या संबंधात अडचण येणं ही पुरुषात कधीकधी हृदयाच्या नसा खराब होत असल्याची खूण असते आणि ती छातीत दुखायच्या दोन-तीन वर्षं आधी पण दिसू शकते. बरेच जण गोळीला दोष देऊन गुपचूप बीपीचं औषध सोडतात. सोडू नका, डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते.

दोन_लेकरांची_आई

सिस्टर काकूंनी बाळंतपणाचं विचारलं म्हणून लिहायला बसले.

दुसऱ्या वेळी मला आठव्या महिन्यात १६०-११० झालं, लघवीत प्रथिनं, डोळ्यांपुढे काजवे, वरच्या पोटात दुखायचं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमची इंजेक्शनं दिली आणि रातोरात सिझर. आठ आठवड्यांत बीपी उतरलं, गोळी बंद. घरी सगळे म्हणाले सुटलीस बाई, वार पडली की हे जातं. मी पण विसरले. पुढे बीपी बघायला पाहिजे हे मला डिस्चार्जच्या वेळी कोणी म्हणजे कोणी सांगितलं नाही. ३८ व्या वर्षी बाळाच्या लसीकरणाबद्दल नाही, स्वतःच्या डोकेदुखीसाठी पहिल्यांदा डॉक्टरकडे गेले तर १५४-९८.

त्या मॅडमनी मग समजावलं की गरोदरपणात असं झालेल्या बाईला पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतर बायकांच्या साधारण दुप्पट असतो, आणि कायमचं बीपी जडण्याची शक्यता त्याहून जास्त. म्हणजे ते आजारपण संपलेलंच नसतं, त्याने पुढची चिठ्ठी पाठवून ठेवलेली असते. खूप राग आला मला. दरवर्षी एकदा बीपी आणि साखर बघ एवढं वाक्य कोणी बोललं असतं तर पाच वर्षं आधी कळलं असतं. ज्यांना दिवस जायचे आहेत आणि बीपी चालू आहे त्यांनी आधीच डॉक्टरांना सांगा, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या जातीच्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, बाळाच्या किडनीला धोका असतो, बदलून घ्याव्या लागतात.

कृष्णाकाठची ताई, आईला नक्की विचार गं. आपल्या आयांना हे आठवतं, फक्त विचारलेलं नसतं कोणी.

कृष्णाकाठची_लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी, मधे गावी होते.

आईला विचारलं. भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली अगं तुझ्या भावाच्या वेळी तर माझे डोळे पण मिटेनात एवढी सूज होती, बैलगाडीतून नाक्यापर्यंत आणि तिथून जीपने मिरजेला नेलं होतं, तो १ किलो ८०० ग्रॅमचा झाला. ३१ वर्षं झाली. भाऊ कमी वजनाचा होता हे आम्हाला माहीत होतं, का ते नव्हतं माहीत. मी विचारलं डॉक्टरांना कधी सांगितलंस का, तर म्हणाली त्यांनी गुडघ्याचं विचारलं, ते सांगितलं.

मेडिकलवाले दादा, डायक्लोफेनॅक निघालं. मसाल्याच्या डब्यामागे तीन पाकिटं. मिश्री नाही लावत.

दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, सगळं कागदावर लिहून. इकोत डाव्या कप्प्याची भिंत जाड, पंपिंग ६० टक्के, सैल पडणं कमी, सिस्टर तुम्ही लिहिलेलं जवळजवळ शब्दाला शब्द. टीएसएच पण वाढलेला होता, थायरॉईडची गोळी वाढवली. अम्लोडिपिन निम्मी केली, टेल्मिसार्टन जोडली, दुखण्याची गोळी बंद, गुडघ्याला व्यायाम आणि लावायचं मलम. धडधडीसाठी ठोके नोंदवणारं २४ तासांचं मशीन पुढच्या आठवड्यात. बाबांनाच आता आईच्या गोळ्या काढून द्यायचं काम दिलंय, त्यांनी पहिल्या दिवशी दोन्ही वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि मला फोटो पाठवला.

एकच विचारायचं राहिलं, मार्गशीर्षातले गुरुवार ती कडक करते, दिवसभर काही खात नाही, त्या दिवशी गोळी पण घेत नाही. काय करू?

निवृत्त_सिस्टर_सातारा

बीपीची आणि थायरॉईडची, दोन्ही गोळ्या पाण्याबरोबर घ्यायच्या, त्याने उपास मोडत नाही असं माझ्या सासूबाईंनीच मला सांगितलं होतं, तेच आईला सांग. पण पाणी भरपूर प्यायला लाव, दिवसभर कोरडा उपास टेल्मिसार्टनवर चांगला नाही, चक्कर येईल. उपासाला सैंधव चालतं म्हणून कोणी सढळ हाताने घालत असेल तर ते पण मीठच आहे, बीपी त्यानेही वाढतं. आणि ते कमी सोडियमवालं मीठ मिळतं ना, त्यात पोटॅशियम असतं, आई टेल्मिसार्टनवर आणि बाबांचं क्रिएटिनिन वर, तेव्हा विचारल्याशिवाय घरात आणू नको. नवी गोळी सुरू करून तीन आठवडे होत आलेत ना, मग पोटॅशियम आणि क्रिएटिनिन एकदा व्हायला पाहिजे, मशीन लावायला जाल तेव्हाच रक्त देऊन या. बीपी घरी बघताना पाच मिनिटं बसवून मग बघ, आईचा दंड जाड असेल तर मोठा पट्टा माग, लहान पट्ट्याने आकडा वाढीव येतो. घरी १३५-८५ च्या खाली राहायला हवं. धडधडीचा रिपोर्ट आला की इथेच टाक, मी बघते.