मालासादाचं पीठ सैलच हवं

मालासादा म्हणजे यीस्टच्या पिठाचा, तळून साखरेत घोळवलेला पोर्तुगीज गोड पदार्थ. ते बाहेरून लाल झाले पण आतून कच्चे राहिले, अशी एकाची तक्रार आहे. तेल जास्त तापलं असणार. १७५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा. आणि पीठ हाताला चिकटतं म्हणून वरून मैदा मुळीच घालू नका! अंडी, दूध, लोणी, यीस्टचं ते पीठ सैलच असतं. दुप्पट फुगलं की हाताला लोणी लावून गोळा तोडायचा, मध्ये पातळ नि कडेला जाड असा ओढून तेलात सोडायचा. पोर्तुगालच्या अझोर्स द्वीपसमूहातल्या साओ मिगेल बेटावर लेंटच्या (ईस्टरपूर्वीच्या ख्रिस्ती) उपवासाआधी ते असेच करतात. जाड, गोल मालासादा हे अमेरिकेतल्या हवाई बेटांवरचं रूप. १८७८पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या पोर्तुगीज मजुरांसोबत हा पदार्थ गेला. साखरेत मात्र गरम असतानाच घोळवा, नाहीतर ती चिकटत नाही. पिठात लिंबाची किसलेली साल घालाच, फार सुंदर वास येतो.