बाबांना पार्किन्सन्स आहे, आता भास सुरू झालेत – मदत हवी आहे

अनु_सातारा: बाबांना रात्री खोलीत लहान मुलं दिसतात. परवापासून आईकडे बोट दाखवून "ही माझी बायको नाही, हिला बाहेर काढा" म्हणताहेत. ती नुसती रडतेय. न्यूरोची (मेंदूच्या डॉक्टरांची) वेळ पुढच्या आठवड्यातली आहे. तोवर कोणती गोळी देऊ? लवकर सांगा.

सुमेधा: वय? आजार किती जुना? कोणती औषधं चालू आहेत? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार!

वारकरी_काका: खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण दुधातून द्या. माझे साडू त्यावर हिंडू-फिरू लागले. संध्याकाळी रामरक्षा लावा.

निशिगंध: काका, खाजकुइलीत लेवोडोपाच असतो, पार्किन्सन्सच्या गोळीत असतो तोच. वरून चूर्ण दिलं तर भास वाढायचे.

वारकरी_काका: वनस्पती आहे, अपाय कसला? साडू समोर आहेत माझ्या.

निशिगंध: त्यांच्या हालचाली सुधारल्या असतील, मान्य. इथे तक्रार भासांची आहे.

अनु_सातारा: वय ७४, नऊ-दहा वर्षं झाली. सिंडोपा (लेवोडोपाची गोळी), प्रॅमिपेक्सॉल, पॅसिटेन, सगळ्या पार्किन्सन्सच्याच. लघवीला जळजळ होतेय, पण ते वेगळं. जवळच्या डॉक्टरांनी भासांवर हॅलोपेरिडॉल लिहून दिलंय. देऊ ना?

निशिगंध: नका देऊ!! ते डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन, अडवतं, आणि बाबांना त्याचीच कमतरता आहे. अंग आखडेल, गिळताही येणार नाही. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन ही तशीच औषधंही नकोत. त्या डॉक्टरांना आत्ता फोन करा, पार्किन्सन्स आहे हे स्पष्ट सांगा. आणि जळजळ वेगळी नाही. या वयात लघवीच्या संसर्गाने, पाणी कमी पडल्याने, सोडियम उतरल्याने माणूस असा भ्रमतो. आजच तपासणी करा.

सुमेधा: सासऱ्यांचं हेच झालं होतं. न्यूरोंनी आधी पॅसिटेन हळूहळू काढली, मग प्रॅमिपेक्सॉल कमी केलं. सिंडोपाला हात लावला नाही. तरी भास राहिले म्हणून रात्री क्वेटियापिन ही भासांवरची गोळी, साडेबारा मिलिग्रॅमपासून. उत्तम लागू पडलं.

रानवारा: क्वेटियापिनचा पुरावा कच्चा आहे. भासांवरच्याच क्लोझापिनचा पक्का. अमेरिकेत २०१६पासून खास यासाठी पिमावॅन्सेरिनही आहे.

सुमेधा: क्लोझापिनला सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, पांढऱ्या पेशी घटू शकतात म्हणून. ७४ वर्षांच्या माणसाला दर आठवड्याला कोण नेणार?

रानवारा: घरी येऊन रक्त नेतात हल्ली. त्रासाचं आहे म्हणून गुणकारी औषध का नाकारायचं?

मंदार७: थरथरीसाठी डीबीएस शस्त्रक्रियेला (मेंदूत तारा बसवतात ती) किती खर्च येतो? पुण्यात कुठे करतात?

सुमेधा: मंदार, वेगळा धागा काढा ना.

केतकी: अनु, आईंना सांग, वाद घालू नका. "तुम्हाला दिसतंय, मला दिसत नाही, मी इथेच आहे" एवढंच म्हणायचं. खोलीत दिवा राहू दे. आईंनाही विश्रांती हवी, रात्री कुणीतरी सोबतीला थांबा.

अनु_सातारा: डॉक्टरांनी हॅलोपेरिडॉल रद्द केलं. लघवीचा नमुना दिलाय. न्यूरोंकडे फोन केला, उद्या सकाळी बोलावलंय. पॅसिटेन आज रात्रीपासूनच बंद करू का?

निशिगंध: मनाने काहीच बंद करू नका, एकदम तर मुळीच नाही. सिंडोपाही वेळेवरच द्या. सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि लघवीचा रिपोर्ट उद्या सोबत न्या. रात्रीत ताप आला किंवा गुंगी वाढली तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या.