स्मार्ट आरशाची स्क्रीन उभी होईना, आणि काळा रंग राखाडी दिसतोय (रास्पबेरी पाय ४)

इंदूरी_मन्या:
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. दाराजवळच्या भिंतीवर स्मार्ट आरसा लावायचा घाट घातलाय, म्हणजे आरशासारख्या अर्धपारदर्शक काचेमागे मॉनिटर. रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर, त्यावर मॅजिकमिरर हे आरशाचं सॉफ्टवेअर, आणि जेलरोडवरनं आणलेला सेकंडहँड २२ इंची मॉनिटर. घड्याळ, हवामान, कॅलेंडर सगळं येतंय पण आडवं!! मॉनिटर उभा लावलाय, त्यामुळे वेळ बघायला मान वाकडी करावी लागते, आई म्हणते आता आरसा बघायला आडवं पडायचं का. सगळे व्हिडिओ सांगतात बूटमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये डिस्प्ले-रोटेट टाका, टाकलं, रीबूट मारला, ढिम्म हलत नाही. एक्सरँडआर या स्क्रीन फिरवायच्या कमांडनेही काही फरक नाही. दुसरं म्हणजे काचेमागे काळा भाग काळा राहतच नाही, सोफ्यावरून बघितलं की राखाडी चौकोन सरळ उठून दिसतो. ब्राइटनेस कमी करून झालाय.

टर्मिनल_तात्या:
ओएस कुठली टाकली आहेस? बुकवर्म, म्हणजे पायच्या ओएसची ती आवृत्ती? मग ते व्हिडिओ विसर. ऑक्टोबर २०२३ ला बुकवर्म आली तेव्हा कॉन्फिग फाइल बूटमधून उचलून बूटच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये नेली, जुन्या जागी नुसती "ही फाइल हलवली आहे, इथे काही बदलू नका" अशी पाटी ठेवलीये, उघडून बघ. आणि योग्य फाइलमध्ये टाकलंस तरी डिस्प्ले-रोटेट आता चालत नाही, स्क्रीन सांभाळणारा केएमएस ड्रायव्हर त्याला विचारतच नाही. पाय ४ वर डेस्कटॉप वेलँडवर (स्क्रीनवर चित्र काढायची नवी पद्धत) चालतो, एक्सरँडआर जुन्या एक्स११ पद्धतीचं, म्हणून त्याचाही उपयोग नाही.

माउस लाव, मेनूत प्रेफरन्सेस, स्क्रीन कॉन्फिगरेशन, तिथे एचडीएमआय-ए-१ (तुझ्या मॉनिटरचं कनेक्शन) वर ओरिएंटेशन लेफ्ट किंवा राइट, अप्लाय. एवढंच. टर्मिनलवरून करायचं तर वेलँडची कमांड डब्ल्यूएलआर-रँडआर, आउटपुट एचडीएमआय-ए-१, ट्रान्सफॉर्म ९०. उलटं आलं तर २७०. एसएसएचवरून (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लॉगिन करून) केलंस तर डिस्प्ले सापडत नाही म्हणून रडेल, आधी वेलँड-डिस्प्ले व्हेरिएबल द्यावं लागतं, वेलँड-० किंवा वेलँड-१, तुझ्याकडे कुठलं आहे ते रन, यूजर, १००० या फोल्डरमध्ये दिसेल.

बडोदेकर_बाळ्या:
एवढी कटकट कशाला, रास्पी-कॉन्फिग हा सेटिंगचा मेनू उघडा, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये वेलँडच्या जागी एक्स११ निवडा, रीबूट, जुनं एक्सरँडआर मस्त चालतं. आमचा आरसा तसाच चाललाय, एकदा भिंतीवर चढवला की कोण अपडेट करतंय!

टर्मिनल_तात्या:
चालतं हो, नाही कोण म्हणतंय. पण तो पहिल्यांदाच बसवतोय तर नव्या पद्धतीनेच बसवू दे ना, उद्या कार्ड खराब झालं आणि नवी ओएस टाकली की परत हाच धागा काढेल.

काचवाली:
मन्या, राखाडीचं मला सांग, मॉनिटर टीएन पॅनलचा (स्वस्तातल्या एलसीडी पडद्याचा प्रकार) आहे का? सेकंडहँड २२ इंची म्हणजे बहुतेक ऑफिसातून निघालेला, तोच असणार. टीएनला आडवं असताना डावी-उजवीकडून ठीक दिसतं पण वरून बघितलं की पांढरट आणि खालून बघितलं की काळपट. आता तू तो उभा केलास म्हणजे ती वर-खालची खोड डावी-उजवीकडे आली. सोफा नेमका पांढरट बाजूला आलाय, म्हणून ब्राइटनेस कमी करूनही फरक पडत नाही. सॉफ्टवेअरमध्ये शोधू नकोस, मॉनिटरच उलटा फिरव, म्हणजे त्याची मूळची खालची कड सोफ्याकडे येऊ दे आणि स्क्रीन १८० ने फिरवून घे. फ्रेम ठोकायच्या आधी रात्री दिवा लावून सगळीकडून बघ. आणि कडांना काळी टेप लाव, मागचा उजेड फटीतून आला की काच कितीही भारी आणा, आरसा वाटत नाही. आयपीएस किंवा व्हीए प्रकारचा पॅनल मिळाला तर प्रश्नच मिटतो, पण त्याचे पैसे वेगळे.

इंदूरी_मन्या:
ताई एक नंबर! मागे मॉडेल नंबर बघितला, टीएनच निघाला. उलटा फिरवला आणि सोफ्यावरून चौकोन जवळपास दिसेनासा झाला, आता स्वयंपाकघराच्या दारातून थोडा दिसतो पण तिथून कोण आरसा बघतंय. तात्या, २७० ने काम झालं. एक राहिलं, रात्री स्क्रीन बंद करायची आहे, व्हीसीजेनकमांड या पायच्या जुन्या कमांडचं डिस्प्ले-पॉवर दिलं तर काहीच होत नाही.

टर्मिनल_तात्या:
केएमएसमुळे तेही आता चालत नाही. त्याच डब्ल्यूएलआर-रँडआरला ट्रान्सफॉर्मच्या जागी ऑफ दे, सकाळी ऑन. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीत) टाकताना वेलँड-डिस्प्ले आणि एक्सडीजी-रनटाइम-डिर (तेच रन, यूजर, १००० फोल्डर) दोन्ही व्हेरिएबल त्याच ओळीत लिही, क्रॉनला तुझं डेस्कटॉप माहीत नसतं. सकाळच्या ओळीत ट्रान्सफॉर्म २७० पण परत देऊन टाक. दिवसा आपोआप काळी होत असेल तर रास्पी-कॉन्फिगमध्ये डिस्प्ले ऑप्शन्स, स्क्रीन ब्लँकिंग बंद.

बडोदेकर_बाळ्या:
आणि भिया, फ्रेमच्या मागे वर-खाली भोकं ठेव. मे महिन्यात बंद पेटीत पाय ४ ऐंशी डिग्रीला पोचला की स्वतःच स्पीड कमी करतो, मग घड्याळाचा सेकंद काटा पण अडखळतो.